न शोधता सापडलेली गाठ

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची तीन लक्षणे वैद्यकाचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या पाठ करत आले आहेत: लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे आणि पोट चाचपताना हाताला लागणारी गाठ. परीक्षेत हा प्रश्न अजून येतो. दवाखान्यात मात्र ही तिन्ही लक्षणे एकदम घेऊन येणारा रुग्ण दहांत एकही नसतो, आणि जो येतो त्याचा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. याचे कारण अवयवाच्या जागेत आहे. मूत्रपिंडे पोटाच्या पोकळीच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून, चरबीच्या जाड थरात बसलेली असतात. तिथे गाठीला वाढायला ऐसपैस जागा मिळते; ती आतडे अडवत नाही, श्वास कोंडत नाही, बाहेरून दिसत नाही. एका मूत्रपिंडाचा काही भाग निकामी झाला तरी उरलेला भाग आणि जोडीचे दुसरे मूत्रपिंड काम ओढून नेतात, त्यामुळे रक्तातले क्रिएटिनिनही हलत नाही. कित्येकदा पहिली तक्रार मूत्रपिंडाची नसतेच: बारीक ताप, घटलेले वजन, वाढलेला रक्तदाब, रक्तातले जास्तीचे कॅल्शियम, नाहीतर तांबड्या पेशींची विनाकारण वाढलेली संख्या. अशा आडवळणाच्या खुणांवरून माग काढणे हे फिजिशियनचे काम, म्हणून जुने डॉक्टर हिला फिजिशियनची गाठ म्हणत. आता ती रेडिओलॉजिस्टची झाली आहे.

हा बदल एका दिवसात झाला नाही. १८९५मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, पण साध्या एक्स-रेत मूत्रपिंड म्हणजे एक पुसट सावली. १९२९मध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने बर्लिनमध्ये, शिरेतून देता येईल आणि लघवीवाटे बाहेर पडताना मूत्रमार्ग उजळून दाखवील असे द्रव्य वापरून दाखवले. त्यातही दिसे ती आतली पोकळी; गाठ इतकी मोठी व्हावी लागे की तिने ही पोकळी दाबून वाकडी केली पाहिजे. १९५८मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठींवर ध्वनिलहरी सोडून मिळालेली चित्रे प्रसिद्ध केली, आणि ऑक्टोबर १९७१मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. सत्तरच्या दशकात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे निदान योगायोगाने होण्याचे प्रमाण दहांत एखादे होते. आज ते निम्म्याहून अधिक आहे.

कारण साधे आहे. हे चित्र शेजाऱ्यासाठी काढलेले असते. पित्ताशयातले खडे बघायला सोनोग्राफीचा प्रोब उजव्या बरगडीखाली फिरतो तेव्हा यकृताला लागून असलेले उजवे मूत्रपिंड आपोआप पडद्यावर येते. फुप्फुसांसाठी काढलेल्या छातीच्या सीटीत खालच्या कापांमध्ये मूत्रपिंडांची वरची टोके सापडतात. अपेंडिक्सचा संशय, कंबरदुखी, अपघातानंतरची तपासणी, अशा कुठल्याही निमित्ताने पोटाचा स्कॅन झाला की मूत्रपिंडांची हजेरी लागतेच. आपल्याकडे यात मुतखड्याची आणि ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांची भर पडते. तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी सेंटर असते, आणि कळ आलेल्या माणसाला प्रथम तिथेच धाडतात. मग अहवालात खडा नसतो किंवा असतो, पण खाली एक ओळ असते: डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला सुमारे अडीच सेंटिमीटरची भरीव गाठ, सीटी करून घ्यावे.

या ओळीवर घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: देवाची कृपा, वेळेत सापडले. डॉक्टरही बहुधा तेच म्हणतात, आणि आकडे त्यांच्या बाजूने उभे असतात. कर्करोग मूत्रपिंडापुरता मर्यादित असताना सापडलेल्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाच वर्षांनी जिवंत असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण पाचांत एकाच्याही खाली येते. योगायोगाने सापडणाऱ्या गाठी बहुतेक लहान आणि मर्यादितच असतात. तेव्हा लवकर सापडले म्हणजे जीव वाचला, हा निष्कर्ष सरळ वाटतो. माझे म्हणणे असे की तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा खरा मानल्यामुळे अनेकांच्या शरीरातून निरोगी अवयव जातात. न शोधता सापडलेली गाठ आणि लक्षणांनी आणलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसली, तरी त्यांचा पुढचा प्रवास सरासरीने वेगळा असतो. म्हणून त्यांचे नियमही वेगळे हवेत.

लवकर सापडणे हेच वाचणे असेल तर त्याचा एक पडताळा घेता येतो. लहान गाठी मोठ्या संख्येने सापडून कापल्या जाऊ लागल्या की काही वर्षांनी या आजाराचे मृत्यू उतरले पाहिजेत. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६मध्ये नेमके हेच तपासले. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीनुसार १९८३ ते २००२ या काळात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण लाखात ७.१ वरून १०.८ वर गेले. वाढीचा मोठा वाटा चार सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठींचा होता, आणि त्यांच्यावरच्या शस्त्रक्रियाही त्याच मानाने वाढल्या होत्या. मृत्युदर मात्र उतरला नव्हता; उलट चढला होता. एवढ्या गाठी काढल्या, तरी मरणारे तितकेच किंवा जास्त. याचा अर्थ काढलेल्या गाठींपैकी बऱ्याच मारणाऱ्या नव्हत्या, आणि मारणाऱ्यांपैकी बऱ्याच योगायोगाच्या जाळ्यात आल्याच नाहीत.

पाच वर्षांच्या जगण्याचे आकडे इतके देखणे का दिसतात, यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली काळाच्या मोजणीची. साठाव्या वर्षी लक्षणे येऊन निदान होणार होते आणि पासष्टाव्या वर्षी मृत्यू ठरलेला होता, असा माणूस पंचावन्नाव्या वर्षी स्कॅनमध्ये सापडला, तर तो एक दिवसही जास्त न जगता निदानानंतर दहा वर्षे जगलेला ठरतो. दुसरी गोष्ट वेगाची, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. लहानशा स्टेशनाच्या फलाटाचा दिवसात कधीही फोटो काढला, तर त्यात धडधडत निघून जाणारी एक्स्प्रेस सापडण्यापेक्षा सायडिंगला तासन्‌तास उभी असलेली मालगाडीच सापडण्याची शक्यता मोठी. भलत्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनचेही तसेच होते. झपाट्याने वाढणारी गाठ लहान अवस्थेत थोडेच महिने असते. सावकाश वाढणारी किंवा थबकलेली गाठ त्याच अवस्थेत वर्षानुवर्षे राहते. साहजिकच दुसऱ्या जातीच्याच जास्त हाती लागतात. त्यांच्या रुग्णांचे बरे चालते त्याचे श्रेय मग आपण शस्त्रक्रियेला देतो.

अशा निवांत गाठी खरोखर असतात याचा पुरावा स्कॅनर येण्याआधीचा आहे, आणि तो शवागारातला आहे. स्वीडनमधल्या माल्मो शहरात १९५८ ते १९६९ या काळात सोळा हजारांहून अधिक शवविच्छेदने झाली. त्यांत मूत्रपिंडाच्या पेशींचे ३५० कर्करोग आढळले, आणि त्यांपैकी २३५ जिवंतपणी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. या २३५पैकी बहुतेक माणसे दुसऱ्याच आजारांनी गेली होती. सगळी नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे: काहींच्या शरीरात ही गाठ गुपचूप पसरलेली होती. त्याच्याही आधी, १९३८मध्ये मिनेसोटाच्या ई. टी. बेल यांनी शवविच्छेदनांवरून दाखवले होते की तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी क्वचितच पसरलेल्या असतात. क्वचित, कधीच नाही असे नव्हे. नंतरच्या डॉक्टरांनी या निरीक्षणातला ‘क्वचित’ गाळला आणि लहान गाठींना सरसकट निरुपद्रवी ठरवले. पुढे सीटीच्या काळात ते दुसऱ्या टोकाला गेले आणि सरसकट सगळ्या कापू लागले.

आकाराचे महत्त्व दाखवणारा याहून स्वच्छ पुरावा एका आनुवंशिक आजारातून मिळाला. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ आजाराच्या कुटुंबांत दोन्ही मूत्रपिंडांत पुन्हापुन्हा गाठी होतात. प्रत्येक गाठ दिसताक्षणी काढायची म्हटले तर चाळिशीत माणूस डायलिसिसवर जाईल. म्हणून अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मार्स्टन लिनेहान यांच्या गटाने एक मर्यादा ठरवली: सर्वांत मोठी भरीव गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत हात लावायचा नाही. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत, मर्यादेखाली राहिलेल्या १०८ रुग्णांपैकी एकाचाही कर्करोग पसरला नव्हता. मर्यादा ओलांडलेल्या ७३पैकी २० जणांचा पसरला होता. आनुवंशिक गाठीचा नियम इतरांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. पण ‘कर्करोग आहे, म्हणजे आज-उद्यात काढलाच पाहिजे’ ही समजूत तरी या रुग्णांनी कायमची मोडीत काढली.

इथे मुळातच विचारले पाहिजे की ती गाठ कर्करोगाची आहे हे चित्रावरून ठरते कसे. सीटीत प्रत्येक ऊतीची घनता हौन्सफील्डच्याच नावाच्या एककात मोजतात. पाणी शून्य, हवा उणे हजार. साध्या पाण्याच्या गाठीचे, म्हणजे सिस्टचे, माप शून्याच्या आसपास ते वीसपर्यंत येते, आणि शिरेतून औषध सोडल्यावरही ते चढत नाही. भरीव गाठीत रक्तवाहिन्या असतात, म्हणून तिचे माप वीस एककांहून अधिक उसळते. आत चरबी असेल तर माप शून्याखाली जाते आणि ती बहुधा अँजिओमायोलिपोमा नावाची सौम्य गाठ ठरते. सिस्ट पन्नाशीनंतर इतक्या लोकांत दिसतात की त्यांची प्रतवारी करावी लागली. न्यूयॉर्कच्या मॉर्टन बोस्निअ‍ॅक यांनी १९८६मध्ये ती केली आणि रेडिओलॉजिस्ट आजही, २०१९च्या सुधारणेसह, तीच वापरतात. अहवालात ‘बोस्निअ‍ॅक १’ लिहिले असेल तर माणसाने बिनघोर झोपावे. चित्राची मती कुंठित होते ती चरबी नसलेल्या भरीव गाठीपाशी. ऑन्कोसायटोमा नावाची सौम्य गाठ सीटीत हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. चार सेंटिमीटरपर्यंतच्या ज्या गाठी कर्करोग समजून काढल्या जातात, त्यांतल्या साधारण पाचांत एक पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर सौम्य निघते. स्तनातली किंवा फुप्फुसातली गाठ सुईने तपासल्याशिवाय एवढी मोठी शस्त्रक्रिया सहसा कोणी करत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र ही रीत वर्षानुवर्षे चालत आली, कारण सुईच्या वाटेने पेशी सांडतील ही भीती होती. ती भीती प्रत्यक्षात फारच क्वचित खरी ठरते.

शस्त्रक्रियेची किंमतही मोजली पाहिजे. टोरांटोच्या चार्ल्स रॉबसन यांनी साठच्या दशकात संपूर्ण मूत्रपिंड भोवतालच्या चरबीसह काढण्याची पद्धत रुजवली. त्या काळी गाठी मोठ्याच असायच्या, तेव्हा ते योग्य होते. तीच पद्धत पुढे बोराएवढ्या गाठींनाही लावली गेली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या ६६२ रुग्णांचा अभ्यास २००६मध्ये आला. सर्वांच्या गाठी चार सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या, आणि शस्त्रक्रियेआधीच सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांचे मूत्रपिंड कमजोर होते, जरी क्रिएटिनिन ठीक दिसत होते. ज्यांचा फक्त गाठीपुरता भाग काढला त्यांतल्या ८० टक्के लोकांचे कार्य तीन वर्षांनीही ठीक पातळीवर राहिले. ज्यांचे अख्खे मूत्रपिंड काढले त्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असलेल्या आपल्या समाजात हे आकडे दोनदा वाचावेत. याच्या उलट बोलणारा एक पुरावा मात्र झाकून ठेवता येत नाही: युरोपात ५४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अर्धवट शस्त्रक्रियेने मूत्रपिंडाचे कार्य चांगले राहिले, पण आयुष्य काही वाढले नाही. म्हणजे घटलेले कार्य दर वेळी जिवावर बेततेच असे नाही. तरीही जी गाठ काही करणारच नव्हती तिच्यासाठी अवयव का द्यावा, हा प्रश्न त्या चाचणीने सुटत नाही.

आणि तो प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. गिल्बर्ट वेल्च आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेतल्या ६५ ते ८५ वयाच्या लोकांची प्रदेशवार नोंद तपासली. पाच वर्षांत छातीचा किंवा पोटाचा सीटी झालेल्यांचे प्रमाण कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ भागात ३१ टक्के, तर अ‍ॅरिझोनातल्या सन सिटीत ५२ टक्के होते. जिथे स्कॅन जास्त तिथे मूत्रपिंडेही जास्त काढली गेली: दर हजार जादा स्कॅनमागे सुमारे चार. आजार प्रदेशागणिक इतका बदलत नाही. यंत्राचा वापर बदलतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की आजारच खरोखर वाढला असेल. लठ्ठपणा, धूम्रपान आणि उच्च रक्तदाब ही या कर्करोगाची सिद्ध झालेली कारणे आहेत, आणि पहिले व तिसरे वाढतेच आहे. हा आक्षेप मला अंशतः पटतो. पण लठ्ठपणाने आजार वाढला असता तर मोठ्या आणि पसरलेल्या गाठीही त्याच प्रमाणात वाढायला हव्या होत्या. वाढल्या त्या प्रामुख्याने लहान. दुसरा आक्षेप, अलीकडच्या वर्षांत अमेरिकेतला मृत्युदर हळूहळू उतरतो आहे. उतरतो आहे खरा, पण याच काळात धूम्रपान घटले आणि पसरलेल्या कर्करोगावर २००५पासून सोराफेनिब, सुनिटिनिब आणि पुढे प्रतिकारशक्तीला चेतवणारी औषधे आली. त्या उताराचे सगळे श्रेय योगायोगाने सापडलेल्या गाठींना देता येणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो आकड्यांचा नसून एका माणसाचा आहे: माझीच गाठ पसरणारी निघाली तर? याला प्रामाणिक उत्तर असे की तसे होऊ शकते, पण घाई केल्याने टळेल असा धोका फार थोडा आहे. निरीक्षणाखाली ठेवलेल्या लहान गाठी सरासरीने वर्षाला तीनेक मिलिमीटर वाढतात, कित्येक वाढतच नाहीत, आणि पहिल्या काही वर्षांत पसरण्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात राहते. तेव्हा सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ठरवले तर बहुतेकांचे काही बिघडत नाही. चाळिशीतल्या निरोगी माणसाने तीन सेंटिमीटरची गाठ काढून घेणे शहाणपणाचे असू शकते. हृदय अधू झालेल्या ऐंशीच्या आजोबांनी तीच गाठ सांभाळत राहणेही तितकेच शहाणपणाचे. पण आपल्या घरांत ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारल्यावर वाट बघणे म्हणजे निष्काळजीपणा असे नातेवाइकांना वाटते, आणि मुलगा परदेशात असला तर फोनवरून ऑपरेशनची तारीख ठरते.

भारताबद्दल एक सावधगिरी पाळायला हवी. इथे या कर्करोगाचे नोंदलेले प्रमाण अमेरिका-युरोपपेक्षा बरेच कमी आहे, आणि लघवीतून रक्त जात असूनही महिनोन्‌महिने दुर्लक्ष करून मोठी गाठ घेऊन येणारे रुग्ण आपल्याकडे अजून आहेत. एकाच रुग्णालयाच्या ओपीडीत, कोणी वेळेवर स्कॅन न केल्याने उशिरा आलेला आणि गरज नसताना केलेल्या स्कॅनमुळे आलेला, असे दोन रुग्ण शेजारी बसू शकतात. अतिनिदानाचा युक्तिवाद पहिल्याला लावणे हा गुन्हाच ठरेल. लघवीतून रक्त दिसले, मग ते एकदाच का दिसेना, तर तपासणी टाळायची नाही.

मग योगायोगावर विसंबण्यापेक्षा सगळ्यांचीच मुद्दाम तपासणी का करू नये? इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये हे करून पाहिले गेले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीला आलेल्या, आज किंवा पूर्वी धूम्रपान करणाऱ्या चार हजार लोकांचा त्याच वेळी पोटाचाही सीटी काढला. मूत्रपिंडाचा कर्करोग दहा जणांत सिद्ध झाला. पोटातली रोहिणी फुगलेली साठ जणांत सापडली, आणि सहाशेहून अधिक लोकांना काही ना काही पुढच्या तपासण्यांच्या रांगेत उभे राहावे लागले. अशा तपासणीने मृत्यू टळतात का, हे एवढ्या संख्येतून ठरत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या खुद्द रेडिओलॉजिस्टांच्याच संघटनेने २०२३मध्ये सांगितले की लक्षणे नसलेल्यांना संपूर्ण शरीराच्या स्कॅनची शिफारस करावी इतका पुरावा नाही. ज्यांचा धंदा वाढला असता त्यांनीच हे म्हणावे, हे मला लक्षणीय वाटते.

गाठ सापडल्यावर तिचा स्वभाव कसा ओळखायचा, यात मात्र खरी प्रगती होते आहे. बायोप्सी आता अधिक मोकळेपणाने केली जाते, जरी शंभरांत दहा-पंधरा वेळा नमुना अपुरा पडून उत्तर मिळत नाही. दुसरी वाट पेशीच्या आतून जाते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे भरपूर प्राणवायू असतानाही पेशीला गुदमरल्यासारखे वाटते, आणि ती पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणात मांडते. पेशी प्राणवायू कसा ओळखते या शोधाला २०१९चे नोबेल मिळाले, त्यात या जनुकावरच्या कामाचा मोठा वाटा होता. आता त्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिद्रव्य किरणोत्सारी झिर्कोनियमला जोडून शिरेत सोडतात आणि पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते का ते पाहतात. सात सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवरच्या मोठ्या चाचणीत, २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार, या प्रकारचे शंभरांतले ८६ कर्करोग बरोबर ओळखले गेले, आणि हा प्रकार नसलेल्या गाठींपैकी ८७ टक्के बरोबर वगळल्या गेल्या. उरलेल्यांसाठी सुई लागेलच. आणि पेशी कोणत्या प्रकारची हे कळले तरी ती किती वेगाने वाढणार हे या स्कॅनमध्ये उमटत नाही. त्यासाठी अजून तरी सहा महिन्यांनी दुसरा स्कॅन काढून दोन मापे शेजारी ठेवावी लागतात.